शिलालेखाचा उत्तरार्ध

अंकोरवाटला जाणारा मराठी प्रवासी बहुधा आपलेच काही शोधत असतो. भिंतीवरचे समुद्रमंथन ओळखीचे, सूर्यवर्मन हे नाव ओळखीचे. 'अंकोर' हा शब्दही 'नगर' या शब्दाचेच रूप. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी उभारलेले हे मंदिर पुढे बौद्धांचे झाले, एवढे सांगून वाटाड्या पुढे सरकतो. १९२६ साली कोलकात्यात ग्रेटर इंडिया सोसायटी स्थापन झाली आणि या प्रदेशाकडे भारताची सांस्कृतिक वसाहत म्हणून पाहण्याची दृष्टी रुजली. ती आम्हां अध्यापकांच्या वर्गातूनही अद्याप पुरती गेलेली नाही.

कंबोडियाचा इतिहास आधी पाण्यातून वाचावा. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिला मिळणारी तोनले साप नदी उलटी वाहू लागते आणि त्याच नावाचे सरोवर कित्येक पटींनी पसरते. मासळी आणि भात यांची ही सुबत्ता नसती, तर राजांना एवढी देवळे बांधणारे हात पोसता आले नसते.

ते हात कोणाचे, हे शिलालेख सांगतात. पण बहुधा त्यांच्या संस्कृत भागात नव्हे. अनेक ख्मेर लेख द्विभाषिक आहेत. देवाची नि राजाची स्तुती संस्कृत श्लोकांत. जमिनीच्या सीमा, तांदूळ, गुरे आणि दान दिलेली माणसे ख्मेर गद्यात. आपल्या अभिमानाचा विषय होतो तो पूर्वार्ध. वास्तविक देश आहे तो उत्तरार्धात. अंकोर बोरेई येथील इ.स. ६११चा लेख हा ख्मेर भाषेतील सर्वांत जुना कालनिर्दिष्ट लेख. त्यात देवाला वाहिलेल्या सेवकांची यादी आहे. सांबोर येथील लेखात शके ६०५ हा आकडा कोरताना शून्यासाठी ठिपका दिला आहे. शक आपल्या पंचांगातला, लेख मात्र ख्मेर! अर्थात ही विभागणी सर्वत्र काटेकोर नाही. ता प्रोमचा ११८६चा लेख संस्कृत असूनही पक्का हिशेबी आहे: देवळाच्या सेवेस ७९,३६५ माणसे, राज्यात १०२ आरोग्यशाळा.

याद्यांचा हा देश पुढे एका भीषण यादीचाही धनी झाला. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत नॉम पेन्हमधील एका शाळेचा तूल स्लेंग तुरुंग झाला. तेथे हजारो बंद्यांची छायाचित्रे व कबुलीजबाब नोंदवून ठेवले गेले. जिवंत सुटले ते अगदी थोडे. २००९ साली युनेस्कोने हे दप्तर जागतिक स्मृतिनोंदीत घेतले.

प्राचीन याद्यांतला एक शब्द भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दानात दिलेल्या सेवकासाठी तेथे 'क्ञुम्' असे येते. त्याचा अर्थ सरळ 'गुलाम' घ्यावा की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आजचा ख्मेर माणूस सभ्यपणे 'मी' म्हणतो, तेव्हा उच्चारतो तो 'ख्ञोम' हा शब्द त्याचेच रूप.