नसलेल्या हाताचा स्पर्श : पाच शतकांचा इतिहास (थ्रेड)

१/ इ.स. १५०४. बव्हेरियातील लांड्सहूटच्या वेढ्यात तोफेच्या माऱ्याने गॉट्झ फॉन बर्लिशिंगेन या जर्मन सरदाराचा उजवा हात तुटला. त्याने लोखंडी हात करवून घेतला. पुढे त्याच्यासाठी घडवलेल्या दुसऱ्या हाताची बोटे सांध्यांत वाकत आणि हव्या त्या स्थितीत अडकवता येत. गॉट्झ त्यानंतर अनेक वर्षे लढला. पण त्या मुठीत काय आहे, हे त्याला पाहूनच कळे. लोखंडाला स्पर्श नव्हता.

२/ त्याच शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्र्वाज पारे याने एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. जखम भरून महिने लोटले, तरी सैनिक तोडून टाकलेल्या हातापायांतच वेदना होत असल्याचे सांगत. प्रत्यक्ष न ऐकणाऱ्याचा यावर विश्वास बसणे कठीण, हे पारेही जाणून होता.

३/ अविश्वास तीन शतके टिकला. अमेरिकी यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात सायलस वेअर मिचेल याने मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक तपासले. हा अनुभव त्याने प्रथम मांडला तो कथेच्या रूपाने. १८६६ च्या जुलैत ‘अटलांटिक मंथली’त ती निनावी छापली गेली. दोन्ही हात, दोन्ही पाय गमावलेल्या नायकाची ती कहाणी अनेक वाचकांना खरीच वाटली. १८७१ मध्ये मिचेलने या अनुभवाला ‘फँटम लिंब’, म्हणजे भासमान अवयव, हे नाव दिले.

४/ हा निव्वळ मनाचा खेळ होता का? विसाव्या शतकाने उत्तर दिले : नाही. माँट्रिअलमध्ये वाइल्डर पेनफील्डने शस्त्रक्रियेदरम्यान जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा स्पर्श जाणवला तो हातात किंवा चेहऱ्यावर. मेंदूत शरीराचा नकाशा असतो, आणि त्यात हाताशेजारी चेहरा असतो. १९९० च्या दशकात मद्रासमध्ये वैद्यक शिकलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या माणसाच्या गालाला स्पर्श केला. त्याला तो नसलेल्या बोटांवरही जाणवला.

५/ येथे प्रश्नच बदलला. हात गेला, पण बोटांकडून निरोप आणणारे मज्जातंतू उरलेल्या भागात शाबूत आहेत आणि निरोप घेणारा मेंदूही जागा आहे. मग तो निरोप विजेने धाडता येईल का? १९७४ मध्ये अमेरिकेत फ्रँक क्लिपिंगर आणि सहकाऱ्यांनी मज्जातंतूपाशी विद्युदग्र बसवून कृत्रिम हाताच्या पकडीची जाणीव पोहोचवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला.

६/ अडचण अशी, की विजेचा स्पर्श मुंग्यांसारखा भासे. क्लीव्हलंडमध्ये डस्टिन टायलर यांच्या चमूने २०१२ पासून रुग्णांच्या मज्जातंतूंभोवती विद्युदग्र बसवले. एकसुरी स्पंदांऐवजी त्यांची तीव्रता कमीजास्त केली, तेव्हा मुंग्या जाऊन नैसर्गिक दाब जाणवू लागला. डोळे बांधलेला रुग्ण कृत्रिम हाताने चेरीचे देठ, फळ न चिरडता, काढू लागला. भासमान हाताच्या वेदनाही बऱ्याच ओसरल्या. पारेने नोंदवलेले दुखणे ते हेच.

७/ शस्त्रक्रियेविना हे साधेल का? २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील चमूने ‘ई-डर्मिस’ हे कृत्रिम बोटांवर चढवायचे विद्युत् आवरण सादर केले. चमूचे प्रमुख नीतीश ठाकोर हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी. उरलेल्या हाताच्या त्वचेवर कोठे वीज दिली की कोणते बोट ‘जागे’ होते, याचा नकाशा त्यांनी आधी तयार केला. मग आवरणातील संवेदकांचे संदेश विद्युत्स्पंदांच्या रूपाने नेमक्या त्याच जागी पोहोचवले. बोथट वस्तूचा स्पर्श वेगळा जाणवला, टोकदार वस्तूची टोचणी वेगळी.

८/ वेदना मुद्दाम परत का द्यावी? कारण वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. टोचताच वस्तू सोडून देणारा हातच स्वतःला वाचवतो. म्हणून त्या कृत्रिम हातालाही ही प्रतिक्षिप्त क्रिया शिकवली गेली.

९/ हे प्रयोग मोजक्याच रुग्णांवर झाले आहेत. रोजच्या वापरातील बहुसंख्य कृत्रिम हात आजही मुकेच आहेत. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या अनुभवाला शतकानुशतके भ्रम म्हटले गेले, त्याच्याच आधारे आज स्पर्श परत आणला जात आहे. तो भासमान हात नसता, तर विजेचा निरोप पोहोचवायचा तरी कोठे? गॉट्झचा लोखंडी हात आजही याग्स्टहाउझेनच्या किल्ल्यात जपून ठेवला आहे. इतिहास सहसा अशा वस्तू जपतो. पारे आणि मिचेल यांनी रुग्णांचे शब्द जपले.