एका संख्येचे कुळ

12345678987654321. एकापासून नऊपर्यंत चढून पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही 17 अंकी संख्या म्हणजे 111111111 चा वर्ग. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त स्थानांची 18 नावे दिली आहेत. त्यांतल्या सतराव्या, 'मध्य' नावाच्या स्थानापर्यंत ही संख्या पोहोचते. परार्धाला एकच घर कमी.

तिचे कुळ मात्र 'लीलावती'हून जुने. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात 12345654321 येते, तीही वर्णनातून: एकापासून सहापर्यंत वाढणारी, मग क्रमाने घटणारी. हा 111111 चा वर्ग. गुणाकाराच्या काही उदाहरणांत महावीराचार्यांनी आकडे असे निवडले की उत्तर गळ्यातल्या हारासारखे दोन्हीकडून सारखे यावे. गणित शिकवताना उत्तर देखणे असावे, याची ही किती मनापासूनची काळजी!

हजारेक वर्षांनी ही आवड देवळालीत दिसते. डहाणूला 1905 मध्ये जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1930 ते 1962 या काळात तिथे शाळामास्तर होते. 11, 111, 1111 अशा संख्यांच्या वर्गांना त्यांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले आणि 1938 मध्ये 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये त्यांवर लेख लिहिला. डेम्लो हे जीआयपी रेल्वेवरचे, मुंबईपासून 30 मैलांवरचे स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. ही कल्पना त्यांना तिथे सुचली.

पुष्कळ गणितज्ञांनी कापरेकरांचे काम करमणूक म्हणून बाजूला सारले. तो अन्यायच होता, कारण त्यांच्या वर्गवारीतून खरे प्रश्न निघतात. त्यांनीच सांगितलेली 'हर्षद' संख्या घ्या. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद. महावीराचार्यांच्या संख्येतल्या अंकांची बेरीज 36. संख्या विषम, बेरीज सम, त्यामुळे भाग जाणे शक्यच नाही. 17 अंकी संख्येत बेरीज 81 येते आणि तिला 81 ने नि:शेष भाग जातो, कारण 111111111 ला 9 ने भाग जातो. एक अंकी 1 पासून मोजत आले, तर अशा पहिल्या नऊ वर्गांत हर्षद निघतात फक्त तीन: 1, 12321 आणि ही.

दहा वेळा एक लिहून वर्ग केला की मधल्या स्थानी बेरीज 10 होते. हातचा पुढे सरकतो आणि 1234567900987654321 असे उत्तर येते. सममिती तिथे मोडते.

मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरातून कापरेकरांच्या कामाची जगाला ओळख करून दिली. तोवर कापरेकर सत्तर वर्षांचे झाले होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना 13 वर्षे लोटली होती.