तेरचे पाहुणे आणि तेरचे यजमान

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना आपण साधारणतः गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून (प्रकाशन १९०७) आरंभ करतो आणि अनंत काणेकर, गंगाधर गाडगीळ असे टप्पे घेत पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'पर्यंत (१९६०), म्हणजे युरोपापर्यंत येऊन पोहोचतो. ही वाट इतकी रुळलेली आहे की तिच्यातली एक विसंगती सहसा आपल्या ध्यानात येत नाही. एखादा मराठी लेखक फ्रान्सच्या ग्रामीण भागात मित्राकडे दोन दिवस राहून येतो आणि त्यावर लिहितो, तेव्हा ते प्रवासवर्णन ठरते. तोच लेखक सोलापूरहून मोटारीने तेरला मित्राकडे जाऊन येतो, तेव्हा ते केवळ 'गावाकडे जाऊन येणे' असते. पहिल्या प्रसंगी तो स्वतःला पाहुणा समजतो आणि म्हणून डोळे उघडे ठेवतो. दुसऱ्या प्रसंगी तो स्वतःला घरचाच मानतो, त्यामुळे पाहण्यासारखे काही आहे असेच त्याला वाटत नाही.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघे जण असेच दोन दिवसांसाठी धाराशिव जिल्ह्यात गेलो होतो. (जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद असे होते.) निमित्त अगदी साधे. एक स्नेही दांपत्य अनेक वर्षे अध्यापन करून निवृत्त झाले आणि तेरजवळच्या आपल्या शेतावर परतले. त्यांना भेटायचे होते. या प्रवासात आणि त्यानंतरच्या वाचनात एक प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला, तो येथे मांडतो. तेर या गावाचा जो इतिहास आपण वाचतो, तो बहुतांशी पाहुण्यांनी लिहिलेला आहे. मग यजमानांनी या इतिहासात काय केले?

सोलापूरहून थेट तुळजापूरला जाता येते. आम्ही नळदुर्गची वळणाची वाट घेतली. तेथील किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली रचना. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र येथे आणखी एक नाव आठवते, ते फिलिप मेडोज टेलर यांचे. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) या कादंबरीचा हा कर्ता. १८५३ साली निजामाने काही जिल्हे कंपनी सरकारकडे सोपवले, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला आणि १८५७ पर्यंत तो येथे होता. पुढे १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'तारा' या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली आहे. कथानक अफजलखानाच्या स्वारीच्या काळातले; देवीचे मंदिर, मुरळीची प्रथा, डोंगरातल्या वाटा हे सारे त्यात येते. टेलर हा चार वर्षे मुक्काम केलेला पाहुणा, तोही हाती सत्ता असलेला. त्याने हा मुलुख आस्थेने पाहिला, याबद्दल शंका नाही. तथापि तुळजापूरची तारा इंग्रजी वाचकासाठी घडवलेली आहे, आणि तिच्या गावातल्या लोकांना ती कशी वाटली असती हे विचारण्याची सोय त्या पुस्तकात नाही.

तुळजापूरहून धाराशिव वीस-बावीस किलोमीटर. शहराबाहेरच्या डोंगरात सात लेण्यांचा एक समूह आहे. जेम्स बर्जेस यांनी १८७०च्या दशकात त्यांची पाहणी केली, आणि ती मुळात बौद्ध की जैन हा वाद तेव्हापासून चालू आहे. परंतु या लेण्यांचा पहिला वाङ्मयीन पाहुणा बर्जेसच्या कितीतरी शतके आधी येऊन गेलेला आहे. मुनी कनकामर यांचे 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश भाषेतले काव्य हिरालाल जैन यांनी संपादून १९३४ साली प्रकाशात आणले. त्यातला चंपेचा राजा करकंड दक्षिणेच्या स्वारीवर असताना तेरापुराजवळ तळ देतो. जवळच्या डोंगरात एक प्राचीन लेणे आहे, असे त्याला कळते. तो ते पाहायला जातो आणि तेथे त्याला पार्श्वनाथाची प्रतिमा दिसते. अभ्यासकांनी या तेरापुराचा संबंध तेरशी आणि त्या लेण्याचा संबंध धाराशिवच्या लेण्यांशी जोडला आहे. एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. काव्याच्या दृष्टीने लेण्याचा शोध राजा लावतो, पण त्याला तिथवर नेणारी माहिती स्थानिकांचीच असते. यजमान वाट दाखवतो आणि शोध पाहुण्याच्या नावावर जमा होतो.

तेरच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे घडले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात दख्खनमधल्या दोन बाजारपेठा प्रामुख्याने सांगितल्या आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर. हे तगर फार मोठे नगर असल्याचे तो म्हणतो. तेथून साधे कापड, नाना प्रकारची तलम वस्त्रे आणि पूर्वेच्या किनाऱ्याकडून आलेला माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलुखातून, भडोचला जाई. लेखकाचे किनाऱ्याचे वर्णन अनुभवाचे दिसते; तगरला मात्र तो स्वतः आला होता असे मानण्यास आधार नाही. बंदरावर गाडीवाल्यांकडून आणि व्यापाऱ्यांकडून ऐकले ते त्याने नोंदवले असणार. थोडक्यात, तेरचे जगप्रसिद्ध वर्णन तेरला न आलेल्या पाहुण्याने केलेले आहे.

पुढे हे तगर नेमके कोठे, यावर विद्वानांचा वाद झडला. दौलताबादचा परिसर, जुन्नर असे पर्याय पुढे आले, रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवले. कोकणच्या शिलाहारांनी 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद शतकानुशतके मिरवले असल्याने नगर खरे होते एवढे निश्चित, पण ते नकाशावर सापडत नव्हते. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे मत मांडले. तोवर ते सेवानिवृत्त होऊन इंग्लंडात राहत होते. अंतरांचा हिशोब वाचकांना आजही करून पाहता येईल. सरळ रेषेत भडोच ते पैठण सुमारे ३५० किलोमीटर, पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर. वीस दिवस आणि दहा दिवस या आकड्यांना भागले तर रोजची चाल पंधरा ते साडेसतरा किलोमीटर येते. वाटेची वळणे धरून ती थोडी वाढेल. बैलगाडीच्या मजलेशी ती जुळते. दिशा काटेकोर पूर्वेची नसून आग्नेयेची आहे, एवढाच फरक. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी तेरची पाहणी केली. त्रिविक्रमाचे विटांचे, मागच्या बाजूने अर्धवर्तुळाकार असलेले मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, हे त्यांचे मत पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३च्या अहवालात आले आणि तेर अभ्यासकांच्या जगात रुजू झाले.

'तेरचा शोध लागला' असे आपण म्हणतो ते या अर्थाने. पण तेरचे लोक तेव्हाही तेरमध्येच राहत होते आणि त्रिविक्रमाची पूजा चालूच होती. हरवले होते ते तगर हे ग्रंथातले नाव.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार कलत होती. सोयाबीन निघून गेले होते, ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती. यजमानांच्या वृद्ध मातोश्री ओसरीत बसल्या होत्या. आम्ही तेर पाहायला आलो आहोत असे ऐकल्यावर त्यांनी विचारले, "गाव बघाय आलाव, का माणसं?" प्रश्नात टोमणा नव्हता, स्वयंपाक किती जणांचा आणि किती वेळांचा, हे त्यांना ठरवायचे होते. आम्ही दोन्ही म्हणालो. पण वर मांडलेल्या सगळ्या वाचनाला हाच प्रश्न विचारायला हवा, असे नंतर लक्षात आले. पेरिप्लसकाराने माल पाहिला, कनकामरांच्या राजाने प्रतिमा पाहिली, फ्लीट यांनी नकाशा पाहिला आणि कझिन्स यांनी विटा पाहिल्या. यांतले प्रत्येक पाहणे मोलाचे आहे. मात्र त्यांतल्या कोणाच्याही लेखनात तेरचा माणूस उभा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे स्नेही आम्हाला तेरणेच्या काठाने गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांकडे घेऊन गेले. पाऊस पडून गेला की या पांढऱ्या मातीतून मणी, खापरे, मृण्मूर्तींचे तुकडे उघडे पडतात. लहानपणी ते खिसा भरून मणी गोळा करीत आणि खेळात हरत, असे त्यांनी हसत सांगितले. अशा हजारो वस्तू गावोगाव खेळात, खतात आणि पायाभरणीत नाहीशा झाल्या. तेरच्या वाचल्या त्याचे मोठे श्रेय गावातल्याच एका माणसाला आहे. रामलिंगप्पा लामतुरे हे पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. गावात मिळणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या आणि घरात सांभाळल्या. त्यांच्यानंतर कुटुंबीयांनी तो वारसा पुढे चालवला. तो संग्रह पुढे शासनाकडे आला आणि आज त्यांच्याच नावाने तेरमध्ये शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय उभे आहे. बा. ना. चापेकर यांनी १९५८ साली केलेले उत्खनन, डग्लस बॅरेट यांची १९६० सालची पुस्तिका आणि नंतरची उत्खनने यांना या घरगुती जपणुकीची मोठी पार्श्वभूमी आहे.

या संग्रहात एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पाँपेई येथे १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ती मूर्ती त्यापूर्वीची हे निश्चित होते. तेरच्या आणि भोकरदनच्या मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. व्यापाराच्या ज्या वाटेबद्दल पेरिप्लसकाराने ऐकीव माहिती लिहिली, तिचा हा हातात धरता येईल असा पुरावा. तो शोधण्यासाठी लामतुरे यांना गाव सोडून कोठे जावे लागले नाही. वस्तू टाकून द्यायची नाही, एवढा निश्चय त्यांना पुरला.

येथवर यजमान हा मुकाट्याने जपणारा माणूस असल्यासारखे चित्र झाले. तेरच्याच परंपरेत याला एक ठसठशीत उत्तर आहे. गोरा कुंभार हे तेरचे. संतमेळ्यात वयाने वडील, म्हणून 'गोरोबा काका'. निवृत्तीनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई आणि नामदेव अशी मंडळी त्यांच्याकडे जमली असता मुक्ताबाईंनी कुंभाराचे थापटणे पाहून ते कशासाठी, असे विचारले आणि मडकी कच्ची की पक्की हे तपासण्यासाठी, असे उत्तर मिळाल्यावर जमलेल्यांचीच परीक्षा करायला सांगितले, ही कथा मराठी वाचकाला परिचयाची आहे. बाकीच्यांनी डोक्यावरचा थापटण्याचा प्रहार निमूट सोसला. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. पुढे त्यांना विसोबा खेचरांकडे जावे लागले. या कथेचा अर्थ आपण अध्यात्माच्या अंगाने, गुरूची आवश्यकता म्हणून लावतो. तो योग्यच आहे. पण ही एका भेटीचीही कथा आहे. स्नेही मंडळी गावात आली आहेत आणि यजमान त्यांना पारखतो आहे. पारखण्याचे साधन त्याच्या रोजच्या धंद्यातले आहे. पाहुण्याची कीर्ती तेथे उपयोगी पडत नाही. ऐतिहासिक घटना म्हणून ही कथा सिद्ध करता येणार नाही. परंतु यजमानाच्या बाजूने भेटीचा विचार मराठीत किती आधीपासून झालेला आहे, याची ती साक्ष निश्चित देते.

जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली याच जिल्ह्याच्या मुख्यालयी भरले. संमेलनाच्या नगरीला गोरोबा काकांचे नाव होते. शेकडो लेखक तीन दिवस पाहुणे म्हणून येथे राहून गेले. त्यांच्या लेखनात हा जिल्हा किती उतरला, हा हिशोब कोणी तरी कधी तरी मांडायला हवा.

आमचाही मुक्काम दोनच दिवसांचा, त्यामुळे फार मोठा दावा करण्याचा अधिकार आम्हाला नाही. एक सूचना मात्र करावीशी वाटते. प्रवासवर्णन वर्गात शिकवताना लेखकाने काय पाहिले, हे आपण विचारतो. त्याच्या जोडीला तो कोणाकडे उतरला होता, वाट कोणी दाखवली, जेवू कोणी घातले आणि त्या माणसाचे म्हणणे पुस्तकात कोठे आले आहे, हेही विचारावे. ही कसोटी फ्रान्सच्या खेड्यावरच्या लेखाला लागू आहे, तशीच तेरवरच्याही. 'माझा प्रवास' या कसोटीला बहुतेक ठिकाणी उतरतो, कारण कोणाच्या घरी राहिलो आणि कोणी काय दिले, हे सांगितल्याशिवाय गोडसे भटजी पुढे जात नाहीत. नंतरच्या, पुष्कळ अधिक सफाईदार प्रवासवर्णनांत यजमान हळूहळू दिसेनासा होत गेला. मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास नव्याने लिहायचा झाला, तर त्या माणसाचा माग काढण्यापासून आरंभ करता येईल, आणि त्यासाठी युरोपापर्यंत जावे लागणार नाही.