नारायण विनायक जगताप नक्की कोण होते?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर!

नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासोबत मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे ते देशभर प्रसिद्ध होते. १९६५ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. आपलं नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, म्हणून त्यांनी ‘ज. वि. ना.’ ही आद्याक्षरं उलटी करून ‘ना. वि. ज.’ असं टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगला यांच्याकडून कथा लिहून घेतली.

पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशी पुस्तकं आली. कृष्णविवर, कालप्रवास, परग्रहावरचं जीवन या कल्पना त्यांच्या कथांमधून मराठी घरांत पोहोचल्या. गणिताची भीती वाटणारा वाचकही गोष्ट मात्र शेवटपर्यंत वाचतो, हे त्यामागचं साधं गणित.

विज्ञानप्रसारासाठी त्यांना १९९६ मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. ओडिशाचे बिजू पटनाईक यांच्या देणगीतून सुरू झालेला हा पुरस्कार आहे. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. एकेकाळी नाव लपवून लिहिलेली विज्ञानकथा अशी मराठी साहित्याच्या मुख्य व्यासपीठावर पोहोचली.

२० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.