कोण आलंय हे खिडकी विचारत नाही

परवा कपाट आवरताना एक जुनी सीडी सापडली. वर मार्करने लिहिलेलं, 'काटा, व्हीबी ६, २००४'. तीत माझा जेमतेम चाळीस ओळींचा एक प्रोग्राम आहे. त्याच्यामुळे मला विंडोजचा थोडा इतिहास कळला, पण त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. म्हणून हे लिहितोय.

बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला होता आणि पिंपरी-भोसरीकडचे लहान पुरवठादारही तिकडे शेड टाकू लागले होते. अशाच एका शेडच्या गेटवर वजनकाटा होता. ट्रक काट्यावर आला की वजन केबलमधून संगणकावर यायचं आणि एका छोट्या खिडकीत दिसायचं. काट्यावरचे काका तो आकडा बघून शेजारच्या आवक-जावकच्या प्रोग्राममध्ये टाइप करायचे. दोन्ही प्रोग्राम वेगवेगळ्या लोकांनी केलेले, सोर्स कोड एकाचाही नाही. मला काम मिळालं: हे टायपिंग बंद करून द्या.

दुसऱ्याच्या प्रोग्राममधल्या चौकटीत आपण आकडा कसा लिहिणार? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

डॉसच्या काळात प्रोग्राम स्वतः कीबोर्डकडे जाऊन विचारायचा, काही दाबलं का? नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली आणि हे उलटं झालं. आता प्रोग्राम बसून राहतो आणि विंडोज त्याला निरोप आणून देते: बटण दाबलं, माऊस हलला, चित्र पुन्हा काढ. गंमत म्हणजे पडद्यावरचं बटण किंवा मजकुराची चौकट हीसुद्धा एक छोटी खिडकीच असते. तिला स्वतःचा क्रमांक असतो, हँडल म्हणतात त्याला. मजकूर बदलायचा निरोप १२ नंबरचा, बटण दाबायचा २४५ नंबरचा. 'फाइंडविंडो'ने खिडकी शोधायची, 'सेंडमेसेज'ने निरोप पाठवायचा, झालं.

निरोप मिळाला की खिडकीच्या हाती चार गोष्टी येतात: कोणत्या खिडकीसाठी, कुठला निरोप आणि सोबत दोन आकडे. पाठवणाऱ्याचं नाव त्यात नसतं. काकांनी बटण दाबलं की माझ्या प्रोग्रामने, खिडकीला दोन्ही सारखंच.

हे असं का? सुरुवातीच्या विंडोजमध्ये सगळे प्रोग्राम एकाच मेमरीत नांदायचे, वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे. संगणक एकाचा, वापरणारा एक, दाराला कडी कशाला? १९९३ साली विंडोज एनटी आलं आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी झाली. पण जुने प्रोग्राम चालायला हवेत म्हणून निरोपांची वाट मोकळीच राहिली. १२ नंबरचा निरोप निघाला की विंडोज स्वतः मजकूर एका मेमरीतून दुसरीत उचलून ठेवतं. या सोयीवरच माझ्या चाळीस ओळी उभ्या होत्या.

दोन आठवडे सगळं छान चाललं. मग एकदा ट्रक काट्यावर पूर्ण चढण्याआधीच आकडा उचलला गेला. भरलेल्या ट्रकचं वजन रिकाम्यापेक्षा कमी! असा आकडा त्या प्रोग्रामने नाकारायला हवा होता, तशी तपासणी त्यात होतीही. पण ती चालायची कर्सर चौकटीतून बाहेर पडताना. माझ्या निरोपाने मजकूर थेट बदलला होता. कर्सर चौकटीत शिरलाच नाही, तर बाहेर कुठून पडणार? पावती छापून आली, खाली नाव काकांचं. ऑफिसात बोलावलं त्यांनाच. नंतर मला एवढंच म्हणाले, "अहो साहेब, मी तर हातच लावला नव्हता, कागदावर नाव मात्र माझं."

मी जाऊन चूक कबूल केली, प्रोग्रामही सुधारला. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, चौकटीत भरायचा, पण शेवटचं बटण काकांनीच दाबायचं. पण आधी दोन दिवस त्या माणसाने संशय सोसला होता, तो कुठल्या निरोपाने पुसणार?

पुढचं थोडक्यात. कमी अधिकाराचा प्रोग्राम मोठ्या अधिकाराच्या खिडकीला असे निरोप पाठवून संगणकाचा ताबा घेऊ शकतो, हे २००२ साली जाहीरपणे दाखवलं गेलं. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विस्टाने खालून वर जाणारे बहुतेक निरोप अडवले. बरोबरीच्या प्रोग्रामना मात्र वाट अजून मोकळी आहे. आणि कामं ब्राउझरमध्ये गेली तेव्हा ही युक्ती तशीही लंगडी पडली, कारण वेबपानावरच्या चौकटींना सहसा वेगळं हँडलच नसतं.

आता दुसऱ्याच्या प्रोग्राममधली बटणं दाबून देणं हा मोठा धंदा झालाय. साधनं कितीतरी चांगली आहेत. पण गेटवर साध्या स्क्रूच्या पेटीलाही पास लागतो, कोणी आणली ते रजिस्टरात लिहितात. पडद्यावर दाबलेल्या बटणाचं असं रजिस्टर आपण मुद्दाम ठेवलं तरच असतं.

असो. सीडी टाकून दिली नाही, परत कपाटात ठेवली.