दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया आणि हृदयावरील ताण

पित्ताशयातील खड्यांचा त्रास असणाऱ्यांवर आज बहुतांशी दुर्बिणीद्वारेच शस्त्रक्रिया केली जाते. जर्मनीतील बोब्लिंगन येथे एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये ती प्रथम केली. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी तिचा आरंभ केला. लहान जखम, कमी वेदना आणि लवकर घरी परतणे हे तिचे लाभ सर्वपरिचित आहेत. मात्र पोटावरील छेद लहान असला, तरी हृदयावर पडणारा ताण लहान असतोच असे नाही.

या ताणाचे मुख्य कारण म्हणजे पोटात भरला जाणारा कार्बन डायऑक्साइड. अवयव स्पष्ट दिसावेत यासाठी उदरपोकळीत सामान्यतः १२ ते १५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने हा वायू भरतात. तो पेट घेत नाही आणि रक्तात सहज विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून त्याची निवड होते.

पूर्ण भूल देताच रक्तवाहिन्या सैलावतात व रक्तदाब उतरतो. श्वासनलिकेत नळी घालताना तो पुन्हा उसळू शकतो. पोटात वायू शिरताना उदरावरण ताणले जाते. त्यामुळे व्हेगस मज्जातंतू उद्दीपित होऊन हृदयाचे ठोके एकाएकी मंदावू शकतात. अशा वेळी वायू त्वरित सोडून दिला जातो आणि गरजेनुसार ॲट्रोपिन देतात.

पुढील बदल अधिक फसवा असतो. पोटातील दाब आणि व्हॅसोप्रेसिनसारखी संप्रेरके यांमुळे रक्तवाहिन्यांतील रोध वाढतो व रक्तदाब चढतो. त्याच वेळी पोटातील महाशीर दबल्याने हृदयाकडे परतणारे रक्त घटते. परिणामी पडद्यावर रक्तदाब उत्तम दिसत असतानाही हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त कमी झालेले असू शकते. पित्ताशय नीट दिसावे म्हणून रुग्णाचे डोके उंच ठेवतात. त्यामुळे पायांत रक्त साचून ही घट वाढते. म्हणून टेबल सावकाश तिरपे करणे, पायांना दाब देणारे पट्टे बांधणे आणि वायूचा दाब शक्य तितका कमी ठेवणे हितावह ठरते.

शोषला गेलेला वायू रक्तात साचल्यास नाडी वाढते व हृदयाची लय बिघडू शकते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफकडे पाहून भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटरची गती त्यानुसार वाढवतात.

निरोगी व्यक्तीचे हृदय हे बदल सहज पेलते आणि वायू काढल्यावर ते ओसरतात. परंतु हृदयाचे स्नायू दुर्बल असलेल्या, हृदयधमन्यांचा आजार असलेल्या किंवा महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांत हाच ताण घातक ठरू शकतो. अशा रुग्णांना ही शस्त्रक्रिया वर्ज्य नसते. पूर्वतयारी मात्र अधिक लागते. त्यात आवश्यकतेनुसार इकोकार्डिओग्राफी करतात, तसेच शस्त्रक्रियेच्या वेळी धमनीत नळी ठेवून रक्तदाब क्षणोक्षणी मोजतात. बीटा ब्लॉकर गोळ्या रुग्णाने स्वतःहून अचानक थांबवू नयेत. रक्त पातळ करणारी औषधे कधी बंद करावीत, हेही डॉक्टरांनीच ठरवायचे असते. भूलतज्ज्ञाच्या पहिल्याच भेटीत जुने आजार, चालताना लागणारी धाप आणि सर्व औषधांची यादी सांगणे, हा या तयारीतील रुग्णाचा वाटा होय.