कुंपणाकडेच्या फुलांचे माहेर

इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि राजांची नावे डोळ्यांपुढे येतात. परंतु भगिनींनो, आपल्या कुंपणाकडेला वर्षानुवर्षे फुलणाऱ्या झाडांनाही इतिहास आहे, आणि आपल्या ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

ज्यांना आपण जुनी, घरची फुले म्हणतो त्यांतील कित्येक परदेशची आहेत. सायंकाळी उमलणारी गुलबक्षी आणि मोरीच्या पाण्यावर माजणारी कर्दळ या दोघींचे माहेर अमेरिका खंडात आहे. कोलंबस तिकडे 1492 साली पोहोचला आणि त्यानंतर युरोपीय जहाजांबरोबर तिकडची झाडे जगभर पसरली. मिरची, पेरू, काजू हेही तिकडचेच. ही जहाजे तर आपल्या दाराशीच लागत होती. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली; ठाणेही त्यांच्याच अमलाखाली होते. पुढे 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीजांचे राज्य गेले, पण मिरची स्वयंपाकघरात राहिली आणि परदेशची फुले परड्यात रुजली.

मौज अशी की कर्दळीचे शास्त्रीय नाव ‘कॅना इंडिका’ असे आहे. नाव वाचून ती हिंदुस्थानची वाटेल. परंतु त्या काळी युरोपचे लोक अमेरिकेकडील मुलखालाही ‘इंडीज’च म्हणत, त्यामुळे हा घोटाळा.

सदाफुली आली मादागास्कर बेटाकडून. उन्हातान्हात, भिंतीच्या फटीतसुद्धा उगवणारी म्हणून तिला फारसा मान नाही. पण कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर हे संशोधक 1950 नंतरच्या वर्षांत तिचा मधुमेहावर उपयोग होतो का, हे तपासत असता तिच्यात पांढऱ्या पेशी कमी करणारे द्रव्य सापडले. त्यातून कर्करोगावरचे औषध तयार झाले. तिच्यातूनच मिळालेले दुसरे औषध, व्हिन्क्रिस्टीन, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही देतात. मात्र येथे एक सांगणे अगत्याचे आहे. औषध निघते म्हणून कोणी पाला वाटून पिऊ नये. ते झाड विषारी आहे. औषध शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

अस्सल इकडच्या म्हणाल तर अबोली आणि पिवळी कोरांटी. अबोली दक्षिण हिंदुस्थान व श्रीलंकेची. तिच्या वाळलेल्या बोंडावर पाणी पडले की ते तडकन फुटते व बी दूर उडते. म्हणून एका रोपाची चार रोपे आपोआप होतात.

मात्र पसरणारे प्रत्येक झाड चांगलेच असे नव्हे. घाणेरी, जिला काहीजणी टणटणी म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून कलकत्त्याच्या सरकारी बागेत आली. पाखरांनी तिची फळे खाल्ली, बी रानोमाळ गेले, आणि आज ती येऊरच्या जंगलातही ठाण मांडून बसली आहे. तिच्याखाली दुसरे झाड नीट वाढत नाही, गुरांनी खाल्ली तर बाधते. सोसायट्यांतून लावतात ती पिवळ्या फुलांची वेडेलियाही याच जातीची आक्रमक. नाला किंवा ओढा जवळ असेल तेथे ती लावूच नये.

तेव्हा निवड अशी करावी. मागे, पाणी साचते तेथे, कर्दळ. मध्ये हातभर अंतराने गुलबक्षी व कोरांटी. पुढे अबोली आणि सदाफुली. सदाफुलीच्या मुळाशी पाणी तुंबू देऊ नये. आपल्याकडच्या पावसात ती कुजते. गुलबक्षी वरून वाळली तरी उपटू नये. जमिनीत तिचा कंद जिवंत असतो, पाऊस पडताच कोंब येतो. तिचे काळे बी मिऱ्यासारखे दिसते व पोटात गेल्यास बाधते, म्हणून मुलांपासून जपावे.

1853 साली ठाण्यापर्यंत, 1854 साली कल्याणपर्यंत आगगाडी आली, डोंबिवलीचे स्टेशन 1887 साली झाले. या रुळांच्या कडेने कोकणातून, देशावरून माणसे येऊन राहिली. त्यांच्या चाळींपुढे, बैठ्या घरांपुढे ही फुले वाढली, ती कोणा दुकानातून आणून नव्हे, तर शेजारणीने दिलेल्या फांदीतून आणि पुडीतल्या बियांतून. आता त्या चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. नकाशात वाहनांना जागा असते, कुंपणाकडेच्या मातीला नसते. यंत्र आले की कंद मातीसकट ट्रकमध्ये जातो.

म्हणून माझी सूचना एवढीच. ज्यांची इमारत पाडायची ठरली आहे त्यांनी सामान बांधताना कंद व बी आधी काढून ठेवावे. आणि येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळाने प्लॅस्टिकच्या डबीऐवजी गुलबक्षीच्या बियांची पुडी व अबोलीचे रोप वाण म्हणून लुटावे. बी मृगाच्या पावसात पेरावे. ज्यांना अंगण नाही त्यांना एक कुंडी पुरे.